‘कंटेंट सेमच आहे’

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या बाजारपेठेत कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ थांबलं तरी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "ती कंपनी संपलीय, ही घ्या. कंटेंट सेमच आहे." गिऱ्हाईक पाकीट उलटसुलट करून बघतं, मिलिग्रॅमचा आकडा जुळला की पैसे देतं. या व्यवहारात फसवणूक नाही. दुकानदार खरं तेच सांगतो. आक्षेप आहे तो या वाक्यामागच्या समजुतीला. औषध म्हणजे पाकिटावर छापलेलं रसायनाचं नाव आणि त्यापुढचा आकडा, बाकी सगळं कंपनीचं मार्केटिंग, अशी ती समजूत. ब्रँडेड चांगलं की जेनेरिक, या वर्षानुवर्षं चाललेल्या वादातल्या दोन्ही बाजू याच समजुतीवर उभ्या आहेत. एक बाजू म्हणते, नाव तेच तर औषध तेच. दुसरी म्हणते, नाव तेच असलं तरी मोठ्या कंपनीचं बरं. गोळीच्या आत काय आहे हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं असं: औषध म्हणजे रेणू अधिक त्या रेणूची भौतिक अवस्था. तो स्फटिकरूपात आहे की अस्फटिक, त्याचे कण किती बारीक आहेत, त्यानं किती पाणी धरलं आहे, कुठल्या तापमानाला तो मऊ पडतो, या गोष्टी औषधाचाच भाग आहेत. वेष्टनासारख्या वरून चढवलेल्या नाहीत. यातला रेणू एकदा कारखान्यात ठरतो. अवस्था मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यावरही बदलू शकते: ट्रकमध्ये, दुकानाच्या माळ्यावर, वस्तीवरच्या पत्र्याच्या खोलीत. म्हणून मोहोळसारख्या गावात ‘कंपनी कुठली?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, हे औषध कुठल्या अवस्थेत बनलं आणि कुठल्या अवस्थेत माझ्या हातात आलं, हा.

१. एकच रेणू, निरनिराळी औषधं

मोहोळ हा उसाचा तालुका आहे, तेव्हा दाखला साखरेचाच घेऊ. खडीसाखर, पिठीसाखर, पोत्यातली एम-३० आणि जत्रेतले म्हातारीचे केस या चारही गोष्टींत रेणू एकच, सुक्रोजचा. तरी खडीसाखर तोंडात बराच वेळ राहते आणि पिठीसाखर जिभेवर टेकताच जाते. म्हातारीच्या केसांत साखर स्फटिक न होता अस्फटिक गोठलेली असते, त्यामुळे हवेतलं पाणी ओढून तासाभरात तिचा चिकट गोळा होतो. एम-३० आणि एस-३० या प्रतींमधला फरक तर मुख्यतः दाण्याच्या आकाराचा आहे आणि त्यावर बाजारात भाव वेगळा लागतो. साखरेच्या बाबतीत या तालुक्यात कुणीही ‘कंटेंट सेमच आहे’ म्हणून एकीच्या भावात दुसरी घेणार नाही.

औषधांत या फरकाचं मोल अर्थातच जास्त. सर्वांत स्वच्छ उदाहरण इन्सुलिनचं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमध्ये हालास-म्योलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताच्या साथीनं इन्सुलिनची दोन रूपं तयार केली. अस्फटिक रूप लवकर विरघळायचं आणि लवकर संपायचं. मोठ्या स्फटिकांचं रूप हळूहळू विरघळत दिवसभर पुरायचं. पहिलं तीस टक्के आणि दुसरं सत्तर टक्के मिसळून ‘लेंटे’ इन्सुलिन बनलं आणि काही दशकं जगभर वापरलं गेलं. दोन्हींत प्रथिन तेच आणि जस्तही तेच. बदलली होती ती केवळ घन अवस्थेची जात. आजही पाण्यासारखं स्वच्छ ‘रेग्युलर’ इन्सुलिन आणि दुधी दिसणारं ‘एनपीएच’ यांतला मुख्य फरक अवस्थेचाच आहे. दुधी बाटलीत प्रोटामाइनच्या साथीनं झालेले बारीक स्फटिक तरंगत असतात, म्हणून ती टोचण्याआधी हलक्या हातानं घोळवायची असते. न घोळवता घेतलेला डोस एकदा पातळ पडतो, एकदा दाट. बाटलीवरचा आकडा बरोबर असतो आणि रक्तातली साखर तरीही चुकते.

पेनिसिलिनचा इतिहासही असाच आहे. सुरुवातीचं अस्फटिक पेनिसिलिन थंडाव्याशिवाय टिकत नसे. शुद्ध स्फटिकरूपातलं कोरडं पेनिसिलिन साध्या तापमानाला टिकू लागलं, म्हणून ते खेड्यांपर्यंत पोचू शकलं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून १९५५ पासून देशी पेनिसिलिन बाहेर पडू लागलं, ते या टप्प्यानंतर. पुढे त्याच पेनिसिलिनचे कमी विरघळणारे क्षार आले. साधं पेनिसिलिन काही तासांत लघवीवाटे निघून जातं, प्रोकेन पेनिसिलिन दिवसभर पुरतं आणि बेंझाथीन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन तीन-चार आठवडे पुरतं. संधिवाताच्या तापानं हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलांना महिन्याला एक टोचून भागतं, ते विद्राव्यता कमी केल्यामुळे. जंतू मारणारा भाग तिन्हींत एकच आहे.

२. विरघळल्याशिवाय उपाय नाही

गोळी गिळली म्हणजे औषध शरीरात गेलं, असं आपण म्हणतो. खरं तर ती अजून शरीराबाहेरच असते. तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या नळीत. ती फुटली, तिच्यातला घन पदार्थ विरघळला, विरघळलेला भाग आतड्याच्या अस्तरातून पार झाला, की मग औषध आत. न विरघळलेला कण पुढे सरकत बाहेर पडतो. विरघळण्याच्या वेगाचा नियम नॉयस आणि व्हिटनी यांनी १८९७ मध्ये मांडला; हा वेग कणाच्या उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. औषधशास्त्रानं ते मनावर घ्यायला अर्धशतक लावलं.

ग्रिसिओफुल्विन हे गजकर्णावरचं जुनं औषध पाण्यात जेमतेम विरघळतं. आधी त्याची रोजची मात्रा एक ग्रॅम होती. पूड अधिक बारीक दळल्यावर अर्ध्या ग्रॅममध्ये तेच काम होऊ लागलं. रेणू बदलला नाही, नवं संशोधन झालं नाही; केवळ दळण बारीक झालं आणि मात्रा निम्म्यावर आली. आपल्याकडच्या ‘ग्रिसोविन एफपी’ या जुन्या नावातली ‘एफपी’ ही दोन अक्षरं ‘फाइन पार्टिकल’ची, म्हणजे बारीक कणांची. नावातच कणाचा आकार सांगणारं औषध सोलापूर जिल्ह्यातल्या घामोळ्या-गजकर्णाच्या उन्हाळ्यांत किती विकलं गेलं असेल! ती अक्षरं वाचणारे किती, हा प्रश्न वेगळा.

हे गजकर्णाचं झालं. चूक झाली तर खाज चार दिवस जास्त राहते. हृदयाच्या औषधाचं तसं नाही. डिगॉक्सिनची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार थोडं अंतर आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी बाजारातल्या वेगवेगळ्या डिगॉक्सिन गोळ्या तपासल्या, तेव्हा सारख्याच मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी रक्तात उठणाऱ्या पातळीत सातपटीपर्यंत फरक निघाला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये एका नामांकित ब्रँडच्या निर्मितीत फेरफार झाला आणि त्याच गोळीची रक्तातली पातळी जवळजवळ दुप्पट झाली. आकडा तोच, कंपनीही तीच. ‘मोठी कंपनी घ्या’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं.

त्याआधी, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, ऑस्ट्रेलियात फिट्सवरच्या फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये भर घालण्यासाठी वापरलं जाणारं कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातलं गेलं. फेनिटॉइनला कुणी हात लावला नव्हता. तरीही ते जास्त प्रमाणात शोषलं जाऊ लागलं आणि स्थिर असलेल्या रुग्णांत विषबाधेची लक्षणं दिसू लागली. कंटेंट सेम होता, भरताड बदललं होतं.

३. स्फटिक आपला स्वभाव बदलतात

एकाच रेणूचे स्फटिक निरनिराळ्या रचनांत बसू शकतात. त्यांतली एखादी रचना सर्वांत स्थिर असते आणि बहुधा तीच सर्वांत कमी विरघळते. कमी स्थिर रूप चांगलं विरघळतं, पण ते संधी मिळताच स्थिर रूपाकडे घसरू पाहतं. औषधनिर्मितीतला हा कायमचा पेच आहे: जे रूप रोग्याला उपयोगी, तेच टिकायला अवघड. मुलांसाठीच्या क्लोरॅम्फेनिकॉल पामिटेटच्या सिरपमध्ये हे १९६०च्या दशकातच दिसलं. त्याचं एक रूप पोटात नीट शोषलं जातं, दुसरं जवळजवळ जातच नाही. चाचणीत दोन्ही शंभर टक्के शुद्ध.

रिटोनाविरची गोष्ट याहून बोलकी आहे. एचआयव्हीवरचं हे औषध अॅबट कंपनीनं १९९६ मध्ये बाजारात आणलं. दोन वर्षं सुरळीत गेली. १९९८ मध्ये कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. तपासाअंती कळलं की रेणूनं एक नवी, अधिक स्थिर आणि बरीच कमी विरघळणारी स्फटिकरचना धारण केली आहे. ती आधी कुणी पाहिलेलीच नव्हती. एकदा तिचे बीजकण कारखान्यात पसरल्यावर जुनं रूप तिथं बनवणंच अशक्यप्राय झालं. कॅप्सूल बाजारातून काढावी लागली आणि शीतकपाटात ठेवायच्या नव्या कॅप्सूलची रचना करावी लागली. हजारो रुग्णांचे उपचार मध्येच अडचणीत आले. एवढं मोठं संशोधन, एवढी मोठी कंपनी, आणि घात कुणी केला? पदार्थाच्या अवस्थेनं.

बी.फार्मसीच्या तिसऱ्या सत्रात ‘फिजिकल फार्मास्युटिक्स’ या विषयात पदार्थाच्या अवस्था नावाचं प्रकरण आहे. अप्रकट उष्णता, बाष्पदाब, संप्लवन, द्रावमिश्रणं, सापेक्ष आर्द्रता, काचसदृश अवस्था, बहुरूपता असं सगळं त्यात येतं. आपल्या महाविद्यालयांत ते बहुतेक वेळा व्याख्या आणि फरकाच्या तक्त्यांच्या रूपात पाठ होतं, परीक्षेत पाच गुणांना लिहिलं जातं आणि विसरलं जातं. माझ्या मते सबंध अभ्यासक्रमातलं दुकानाच्या सर्वांत जवळचं प्रकरण हेच आहे. अमृतधारा घ्या. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल हे तीन घन पदार्थ एका बाटलीत घातले की थोड्या वेळात त्यांचं पाणी होतं; त्यात पाण्याचा थेंबही घातलेला नसतो. मिश्रणाचा वितळणबिंदू घटकांच्या वितळणबिंदूंपेक्षा खाली जातो, हे त्याचं कारण. लिडोकेन आणि प्रिलोकेन हे त्वचा बधिर करणारे दोन घन पदार्थ मिसळून तेल बनतं आणि त्याचं मलम होतं, तेही याच तत्त्वावर. आजीच्या फडताळातल्या बाटलीपासून शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत जाणारा हा धागा विद्यार्थ्याला दाखवायला मास्तरांना पाच मिनिटं पुरतात.

४. मोहोळचा मे महिना

आता मुद्दा गावाकडे येतो. मोहोळ परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर ‘३० अंश सेल्सिअसखाली ठेवा’ अशी सूचना असते. औषध किती टिकेल हे लवकर कळावं म्हणून प्रयोगशाळेत त्याचा मुद्दाम छळ केला जातो: ४० अंश तापमान, ७५ टक्के आर्द्रता, सहा महिने. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तेव्हा आर्द्रतेचा भाग सोडून देऊ. पण तापमानापुरतं बोलायचं तर प्रयोगशाळा ज्याला छळ म्हणते, ते पत्र्याच्या छपराखालच्या दुकानातलं नेहमीचं दुपारचं हवामान आहे. रात्री शटर ओढलं, पंखा बंद झाला की भिंतींत मुरलेली उष्णता आतच राहते.

यावर एक ठरावीक उत्तर मिळतं: एक्स्पायरी दोन वर्षांनी आहे, मग काय होतंय? हे उत्तर रासायनिक ऱ्हास डोळ्यांपुढे ठेवून दिलेलं असतं. रासायनिक ऱ्हास सावकाश होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की ढोबळमानानं दुप्पट-तिप्पट वेगानं होतो. त्याचा हिशेब मांडता येतो. आठवडाभराच्या उन्हानं बहुतेक गोळ्यांचा रेणू फारसा बिघडत नाही, हे खरंच आहे. भौतिक बदलाचं तसं नसतं. त्याला उंबरठा असतो. उंबरठ्याच्या अलीकडे वर्षभर काही होत नाही आणि पलीकडे एका दुपारीत सगळं होतं. शिवाय तापमान पुन्हा खाली आलं म्हणून औषध पूर्वपदावर येतंच असं नाही. एक्स्पायरीची तारीख, सांगितल्याप्रमाणे साठवण झाली असेल तरच बोलते. इतर वेळी ती निव्वळ छापील शाई.

लहान मुलांच्या तापावर गुदद्वारातून द्यायची सपोझिटरी शरीराच्या उबेला वितळावी म्हणूनच बनवलेली असते. तिचा मेद ३४ ते ३७ अंशांच्या आसपास वितळतो. मोहोळच्या मेमधली खोली त्याहून गरम असते. म्हणजे जे मुलाच्या शरीरात घडायला हवं ते पाकिटातच घडून जातं. संध्याकाळी ती पुन्हा घट्ट होते, पण वितळलेल्या अवस्थेत औषधाची पूड तळाशी बसलेली असते आणि मेदाची स्फटिकरचनाही बदललेली असू शकते. मलमांचं असंच होतं. ट्यूब पिळली की आधी पाणी येतं आणि मग गोळा. जिलेटिनच्या कॅप्सूलना तर दोन्हीकडून मार: उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कवच ठिसूळ होऊन तडकतं, सप्टेंबरच्या दमट हवेत मऊ पडून एकमेकांना चिकटतं.

दमट हवेची किंमत फिट्सच्या रुग्णांनी मोजलेली आहे. कार्बामाझेपिन हवेतलं पाणी घेऊन द्विजल स्फटिक बनवतं, गोळी कडक होते आणि नीट विरघळत नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस अशा गोळ्यांमुळे आटोक्यात असलेले झटके परतले आणि दमट जागी ठेवलेल्या गोळीची परिणामकारकता एक तृतीयांशानं घटू शकते, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाला द्यावा लागला. आपल्याकडे गोळ्या पाकिटातून सोडवून कागदाच्या पुडीत देण्याची आणि घरी त्या न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवण्याची सवय या इशाऱ्यापुढे ठेवून बघावी. जुन्या अॅस्पिरिनच्या बाटलीला येणारा आंबूस वास हा पाण्यानं रेणू तोडल्याचा वास आहे. तिथं भौतिक ओलीनं रासायनिक ऱ्हासाला दार उघडून दिलेलं असतं.

इन्सुलिनला उष्णतेइतकंच गोठण्याचंही भय आहे, हे फार कमी घरांत माहीत असतं. फ्रीज आहे म्हणून बाटली बर्फाच्या कप्प्याला खेटून ठेवली आणि ती एकदा गोठली, की वितळल्यावर स्वच्छ दिसली तरी फेकून द्यायची. फ्रीज नसलेल्या वस्तीवर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं हा अडाणी उपाय समजला जातो. तो शुद्ध भौतिकशास्त्रावर चालतो: झिरपणारं पाणी वाफ होताना आपली अप्रकट उष्णता मडक्यातून ओढून घेतं. हवा जितकी कोरडी तितकं हे उत्तम चालतं. म्हणून कोकणातल्या दमट घरापेक्षा मोहोळच्या रानात मडकं जास्त कामाचं. बाटली भिजू नये म्हणून डबीत घालून ठेवावी, एवढंच.

५. एकाच तालुक्यात दोन भाषा

सोलापूर-पुणे रस्त्यावरची चिंचोळी औद्योगिक वसाहत मोहोळ तालुक्यातच येते आणि औषधांचं मूळ द्रव्य व त्यासाठी लागणारी रसायनं बनवणारे कारखाने तिथं आहेत. सोलापूरची बालाजी अमाइन्स बनवते त्या डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइडपासून पुढे मेटफॉर्मिन तयार होतं, म्हणजे मधुमेह्यांच्या रोजच्या गोळीची एक कडी सोलापूरच्या कंपनीतून जाते. अशा कारखान्यात ‘कंटेंट सेम आहे’ हे वाक्य कुणी उच्चारत नाही. तिथली भाषा एलओडी (सुकवल्यावरची वजनघट, म्हणजे ओल) किती आला, मेश (चाळणीची बारीकी) किती, बल्क डेन्सिटी किती, ड्रायर किती तास चालला, अशी असते. शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर असूनही दाणा हवा तसा नाही म्हणून माल परत येऊ शकतो. कारण तो दाणा पुढे गोळीच्या यंत्रात नीट वाहिला नाही तर प्रत्येक गोळीत मात्रा सारखी पडणार नाही. मेटफॉर्मिनचे स्फटिक दाबाखाली नीट एकजीव होत नाहीत, मात्रा मोठी, वर ओल धरण्याची खोड. म्हणून त्याची गोळी एवढी मोठी आणि बनवायला एवढी हट्टी. तीच वस्तू काही किलोमीटरवरच्या काउंटरवर पोचते तेव्हा मेश, ओल, घनता सगळं गळून पडतं आणि उरतं फक्त नाव.

या गळतीचा फटका कसा बसतो हे मेटफॉर्मिनच्याच ‘एसआर’ गोळीवरून दिसतं. ती पाण्यात फुगून बाहेरून जेलीसारखा थर धरते आणि त्या थरातून औषध दिवसभर झिरपतं. काही जणांना शौचातून ‘गोळी तशीच पडली’ असं दिसतं. ते रिकामं कवच असतं, औषध केव्हाच शोषलं गेलेलं असतं. घाबरून गोळी बंद करणारे रुग्ण असतात. उलट, गोळी मोठी म्हणून सासूबाईंना ती खलबत्त्यात कुटून देणारी प्रेमळ सून दिवसभराची मात्रा एकदम पोटात घालते. पाकिटावर ‘मेटफॉर्मिन’ वाचलं, ‘एसआर’ वाचलं नाही. त्या दोन अक्षरांत पदार्थाची अवस्था होती.

६. आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप: म्हणजे जेनेरिक नकोत, असंच ना? मुळीच नाही. जे औषध पाण्यात सहज विरघळतं, त्यात विरघळण्यापायी होणारा फरक सहसा लहानच राहतो. मेटफॉर्मिनची साधी गोळी त्यातलीच. अडचण कमी विरघळणाऱ्या औषधांची आहे. अॅमिडन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये विद्राव्यता व आतड्यातून पार होण्याची क्षमता यांवरून औषधांचे चार गट पाडले. त्यांतला दुसरा आणि चौथा गट हा कमी विरघळणाऱ्यांचा. केंद्र सरकारनं एप्रिल २०१७ मध्ये नियम बदलून या दोन गटांतल्या औषधांच्या परवान्यासाठी रक्तातली पातळी मूळ औषधाइतकी असल्याचा पुरावा बंधनकारक केला. असा पुरावा असलेलं स्वस्त जेनेरिक, पत्र्याखाली तापलेल्या महाग ब्रँडपेक्षा निःसंशय चांगलं. जन औषधी केंद्रावरून रांगेत उभं राहून औषध आणणाऱ्या माणसाला घाबरवण्यासाठी हा लेख नाही. त्याच्या हातात योग्य प्रश्न द्यावा, यासाठी आहे.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. भारताच्या पेटंट कायद्याचं ३(ड) हे कलम स्पष्टच सांगतं की ज्ञात पदार्थाचं नवं स्फटिकरूप, वेगळा क्षार किंवा कणाचा वेगळा आकार, परिणामकारकतेत लक्षणीय फरक नसेल तर तोच पदार्थ मानावा. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठानं याच आधारावर नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपाला पेटंट मिळालं नाही. ते रूप यंत्रात चांगलं वाहतं, अधिक स्थिर आहे, ओल कमी धरतं हे सगळं मांडून झालं होतं. मग अवस्था एवढी महत्त्वाची असेल तर न्यायालय चुकलं का?

चुकलं नाही. न्यायालयापुढचा प्रश्न वीस वर्षांच्या मक्तेदारीचा होता. ओल कमी धरणं हा औषध नीट बनवण्याचा आणि टिकवण्याचा गुण आहे. त्यानं कर्करोग जास्त बरा होतो असं सिद्ध होत नाही. रोग्याला आधीच्याच रेणूचा लाभ खात्रीनं मिळावा, ही निर्मात्याची जबाबदारी असते. तिच्यासाठी मक्तेदारीचं बक्षीस मागणं गैर. अवस्था मक्तेदारी देण्याइतकी नवी ठरत नाही, म्हणून ती दुर्लक्ष करण्याइतकी क्षुल्लकही ठरत नाही. पेटंटच्या कलमातली पहिली गोष्ट आणि २०१७च्या नियमातली दुसरी एकमेकींना पूरक आहेत. दोन्ही एकत्र वाचल्या तरच आपलं औषधधोरण नीट कळतं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. गावातल्या छोट्या मेडिकलवाल्यानं काय वातानुकूलन यंत्र बसवायचं? किरकोळ दुकानाच्या परवान्याला किमान दहा चौरस मीटर जागा लागते, तशी औषधांचे गुणधर्म टिकतील अशी सोयही लागते. कायद्यात दोन्ही गोष्टी आहेत. प्रत्यक्षात जागा टेपनं मोजली जाते, तापमान क्वचित. दहा चौरस मीटरची खोली गार राखायला लागणारा खर्च आज कुणाही चालत्या दुकानाच्या आवाक्यातला आहे. आणि तेवढंही जमत नसेल तर निदान सपोझिटरी, मलमं, इन्सुलिन, लशी आणि कमी विरघळणारी नाजूक औषधं त्या दुकानानं उन्हाळ्यात ठेवू नयेत. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडायचा आणि त्याबरोबर औषधांचा फ्रीजही बंद करायचा, ही सवय तर गरिबीच्या नावाखाली खपवून घेण्यासारखी नाही.

म्हणून मोहोळच्या औषध विक्रेत्यांना थेट विनंती आहे. दुकानात कमाल-किमान दाखवणारा तापमापक लावा, रोज दुपारचा आकडा वहीत लिहा आणि ती वही गिऱ्हाइकानं मागितली तर दाखवा. फ्रीजला वेगळी वायर घ्या. गोळ्या पुडीत सोडवून देऊ नका. ‘एसआर’ लिहिलेली गोळी देताना कुटायची नाही, एवढे शब्द खर्च करा. औषध निरीक्षकांनी तपासणीला यायचं तर मेमध्ये, दुपारी तीन वाजता यावं. आणि वाचकहो, पुढच्या वेळी ‘कंटेंट सेमच आहे’ असं कानावर आलं की वाद घालू नका, एवढंच विचारा, "हे ठेवलं कुठं होतं?"